बाबांना पाठीवर घातलं तेव्हा

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
१४ जुलै १९८५

ती. आक्का हिस,
धाकटा भाऊ शिवदास याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आई आणि मी बरे आहोत. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना जयभीम सांग, प्रेमाला गोड पापा. मामा कोण ते तिला फोटोत दाखवून ठेव, नाहीतर दिवाळीला आली की मला बघून भोकाड पसरेल.

आता बातमी. मुलुंडच्या आरोग्यमित्र न्यासाच्या वर्गात माझं नाव लागलं. रुग्णवाहिका सहायक असं त्या कोर्सचं नाव आहे. लगेच हसू नकोस. गाडीत पेशंट चढवणारा हमाल नव्हे, हॉस्पिटल येईपर्यंत त्याच्याजवळ बसून त्याला सांभाळणारा माणूस. नऊ महिन्यांचा कोर्स आहे. आधी तीन महिने वर्ग, मग चार महिने हॉस्पिटलच्या अपघात विभागात काम, शेवटचे दोन प्रत्यक्ष गाडीवर. एप्रिलात लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. पास झालेल्यांची नावं न्यास हॉस्पिटलांना कळवतो, शिवाय चेंबूर-भांडुपच्या कारखान्यांतही प्रथमोपचाराला माणूस लागतो. दहावी पास एवढीच अट, म्हणून आपलं जमलं. आम्ही बावीसजण आहोत, त्यात चार मुली. गाठी मारण्यात त्याच पुढे.

शिकवायला काशीराम सुर्वे म्हणून मास्तर आहेत. लष्कराच्या दवाखान्यात चोवीस वर्षं काढून आलेले. मूळचे कणकवलीकडचे, रागावले की मालवणीत सुटतात. पहिल्याच दिवशी माझी पट्टी बघून म्हणाले की ही जखमेला बांधलीस की लग्नातल्या नारळाला. घरी येऊन आईच्या डोक्याला सराव केला. ती तशीच पट्टी बांधून नळावर गेली आणि अख्खी चाळ विचारायला आली की रुक्मिणीबाई कुठं पडल्या.

मुलाखतीत मास्तरांनी विचारलं की इथं का यायचंय. मी खरं ते सांगितलं. दोन वर्षांपूर्वी वडील इमारतीच्या परांचीवरून पडले, गाडी बोलवायला कोणी नव्हतं, मी त्यांना पाठीवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, रिक्षानं दवाखान्यात पोचवलं, आणि अकराव्या दिवशी ते गेले. त्या दिवशी गाडी आणि जाणता माणूस मिळाला असता तर बाबा आज असते, म्हणून मला तो माणूस व्हायचंय. मास्तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले की आधी शीक, बाकीचं नंतर बोलू. दुसऱ्या दिवशी यादीत नाव.

आईला अजून ही नोकरी वाटत नाही. ती म्हणते, रोज दुसऱ्याचं दुखणं बघायला कुणी शाळेत जातं का.

पत्राला उशीर करू नकोस, तुझ्या अक्षराची वाट बघत असतो.

तुझा,
शिवदास

*

मु. पो. तडवळे, ता. कोरेगाव, जि. सातारा
२९ जुलै १९८५

चि. शिवदास यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दाजींनी आधी फोडलं आणि सगळ्या घराला वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या की आता आपल्याकडं एक डॉक्टर झाला. मी म्हटलं डॉक्टर नव्हे, तर त्या म्हणाल्या, मग अर्धा तरी धरा.

माझी अंगणवाडी बरी चालली आहे. तीस मुलं, एक तराजू आणि खिचडीचं पातेलं. मलाही पंधरा दिवसांचं शिक्षण दिलं होतं, जुलाब झाले तर मीठसाखरेचं पाणी कसं करायचं ते. म्हणजे बहीणभाऊ दोघं एकाच वाटेला लागलो म्हणायचं. तू माझ्यापेक्षा पुढं जा. शाळेत हुशार होतास, गिरणीच्या संपानं आणि बाबांच्या जाण्यानं तुझं शिक्षण तुटलं, ते आता जोडलं जातंय.

मास्तर तुझ्याकडं बघत राहिले ते साहजिक आहे. अठरा वर्षांचा मुलगा बापाला पाठीवर घालून नेतो हे ऐकल्यावर कोण बघणार नाही? मी इथं बायकांना किती वेळा सांगितलंय. बाबांच्या जलदान विधीच्या दिवशी आई रडली नाही, आल्यागेल्याला हेच सांगत बसली होती, की माझ्या पोरानं काही बाकी ठेवलं नाही. तिला तेवढा एकच आधार आहे, आणि तो तू दिलास.

पावसात भिजू नकोस. जेवण वेळेवर करत जा. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
द्रौपदी आक्का

*

घाटकोपर
८ सप्टेंबर १९८५

ती. आक्का हिस,
शिवदासचा जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला. वर्ग चालू आहे. आई बरी आहे. गणपती जवळ आल्यामुळं रस्ते भरलेले आहेत.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी बाबा पडले तेव्हा तू डबा घेऊन आली होतीस आणि माझ्याआधी त्यांच्याजवळ पोचली होतीस. मी तिथंच वाळू वाहत होतो, त्या ढिगाकडून धावत आलो तोवर काय काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. त्यांनी तुझा हात धरला होता का? कोणता? नुसता धरला होता की घट्ट? आणि तो कुठपर्यंत धरलेला होता? आठवेल तेवढं लिही. वर्गात अपघाताची नोंद कशी करायची ते शिकवतात, त्याच्यासाठी पाहिजे.

बाकी काही नाही. पाठ जरा धरली आहे.

शिवदास

*

तडवळे
१९ सप्टेंबर १९८५

चि. शिवदास यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाठीला ओवा घालून तापवलेलं तेल लाव. मुलुंडला रोज उभ्यानं जायचं-यायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार.

तू विचारलंस म्हणून लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आई त्या दिवशी चेंबूरला कामावर होती, म्हणून तिलाही ठाऊक नाही. मला सातवा महिना चालू होता, बाळंतपणाला माहेरी आले होते, मी हळूहळू डबा घेऊन आले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि समोरच बाबा पडले. आवाज झाला तो मी सांगत नाही. जवळ गेले तर शुद्धीत होते. डोळे उघडे. मला म्हणाले की द्रौपदे, माझे पाय कुठं गेले बघ. पाय तर जागच्या जागी होते. मी म्हटलं, इथंच आहेत. मग त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दोन बांगड्या वाढल्या. पाणी मागितलं. मी मान उचलून पाजलं. तेवढ्यात तू आलास, मुकादम ओरडत होता की लवकर उचला, लवकर उचला.

तू पाठीवर घेतलंस, मी पाय धरले. रिक्षात आपण त्यांना मध्ये बसवलं तोपर्यंत माझं मनगट त्यांच्या हातात होतं. डेपोच्या वळणावर खड्ड्यात रिक्षा आदळली, तिथं हात सुटला. मला वाटलं डोळा लागला. पुढं अकरा दिवस त्यांचे हात हलले नाहीत ते तुला माहीतच आहे.

एवढं सगळं नोंदीत लागतं का रे? मला लिहूनसुद्धा बरं वाटलं नाही. पण आता लिहिलं आहे तर पाठवते. लगेच उत्तर घाल.

तुझी,
आक्का

*

पंतनगर, घाटकोपर
२१ नोव्हेंबर १९८५

सौ. द्रौपदाबाई हिला आईचा आशीर्वाद.

(हे पत्र मी शेजारची वसुधा लिहीत आहे. काकू सांगतात तसंच लिहिते, चुका माझ्या नाहीत.)

दिवाळीला तुला यायला जमलं न्हाई. तुझी दोन कारडं आली. शिवदासनं वाचून दावली न्हाईत, उशाखाली ठिवली. म्हनून ह्या पोरीला बसवलं.

पोरगं धा दिस झालं शाळंला गेलं न्हाई. सकाळी डबा घेतो, भाईर पडतो. वसुधाच्या बापानं त्याला मुलुंडच्या ठेसनाभाईर बाकड्यावर बघितला, भर दुपारचा, डबा मांडीवर, तसाच भरल्याला. इचारलं तर म्हनतो सुट्टी हाय. कसली सुट्टी?

राशनचं पोतं आनायला धाडला तर पाठीवर न्हाई घेतलं. पोटाशी धरून आनलं, बाईमानूस पोर धरतं तसं, आन घामानं निथळला. पुलाचा जिना चढताना मधीच थांबतो. दोन्ही हात मागं नेतो. जनू पाठीवर कुनी हाय आन त्याला सावरतोय. मी त्याच्या मागनं चालत हुते, माझ्या डोळ्यानं बघितलं.

परवा वसुधाच्या आईची पाहुनी आली हुती. तिला मी आपली गोष्ट सांगत हुते, पोरानं बापाला कसं पाठीवर घातलं. त्या गोष्टीवर तर मी जगले. तर हा ताटावरनं उठला, भाईर जाऊन वकला.

तू शिकल्याली हायस. त्याला लिव्ह. माझ्याशी तो बोलंना.

(काकूंनी अंगठा द्यायचा म्हटलं, पण शाईपॅड नाही. तरी तो आहे असं समजावं. — वसुधा)

*

घाटकोपर
१५ डिसेंबर १९८५

ती. आक्का हिस,
शिवदासचा जयभीम.

तुझी चारही पत्रं मिळाली. दाजी स्वतः निघणार होते असं लिहिलंस, त्यांना येऊ देऊ नकोस. आधी हे वाच. एकटी असशील तेव्हा वाच आणि आईपाशी कधीही बोलू नकोस.

ऑगस्टच्या शेवटी मास्तरांनी धडा घेतला, उंचावरून पडलेला माणूस. मध्यभागी चादर अंथरली आणि पेशंट म्हणून मला झोपवलं. मी नेहमीसारखा हसत झोपलो. मास्तर माझ्या डोक्यामागं गुडघे टेकून बसले आणि माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. म्हणाले की पडलेल्या माणसाच्या मानेचा मणका मोडला असेल असंच धरून चालायचं. आत मज्जारज्जू असतो, सगळ्या अंगाचे हुकूम त्यातून जातात. मोडलेलं हाड हललं तर तो चिरडतो, आणि मग हातपाय जातात, श्वाससुद्धा जातो. म्हणून हे डोकं बोटभरही हलता कामा नये. त्याला बसवायचं नाही. मान उचलून पाणी पाजायचं नाही. पाठीवर किंवा खांद्यावर घ्यायचं नाही. रिक्षा-टॅक्सीत कोंबायचं नाही. फळी येईपर्यंत जागेवर ठेवायचं, मग चारपाच जणांनी एका दमात, ओंडका वळवतात तसं वळवायचं.

आक्का, मी खाली झोपून ऐकत होतो. ते एकेक सांगत होते आणि मला वाटत होतं की त्या दिवशी हे तिथं उभे होते, आणि आपण जे केलं ते बघून एकेक लिहून घेत होते. एकही गोष्ट आपण सोडली नाही. नंतर बाकीच्यांबरोबर मीही वहीत उतरवलं. छान अक्षरात, लाल शाईनं रेघ मारून.

तरी मला आशा होती. वाटलं, हात तर पडल्याबरोबरच गेले असतील. म्हणून तुला विचारलं. नोंद वगैरे खोटं होतं. तुझं उत्तर आलं. बांगड्या फुटेपर्यंत ज्यानं मनगट धरलं त्याचे हात शाबूत होते. मी त्यांना घेऊन निघालो तेव्हा शाबूत होते.

एक तुला माहीत नाही. पाठीवर घेतल्यावर त्यांची हनुवटी माझ्या उजव्या खांद्यावर आली होती. मी धावत होतो. प्रत्येक पावलाला ती खांद्यावर आपटायची. मला वाटलं बाबा हो, हो म्हणतायत, चल, चल म्हणतायत. म्हणून मी आणखी जोरात धावलो. अजून आपटते. चालायला लागलो की चौथ्या-पाचव्या पावलाला सुरू होते. चुन्याचा वास येतो. मागं हात नेले की काही नसतं.

ऑक्टोबरात अपघात विभागात काम लागलं. तिथं एक रंगारी आला, त्याला त्याच्या दोन मुलांनी उचलून आणलं होतं. मुलं घामाघूम, छाती पुढं काढून उभी. डॉक्टरांनी त्यांना शाबासकी दिली नाही, रागावलेही नाहीत. मी त्यांच्याकडं बघितलं आणि बाहेर निघून आलो. काही दिवस कसाबसा गेलो, पुढं जमलं नाही.

लोक मला बापाला वाचवायला धावलेला मुलगा म्हणतात. आई ते रोज म्हणते. मला आता हे शिक्षण नको. जे शिकलो तेच परत देता आलं असतं तर बरं झालं असतं.

शिवदास

*

तडवळे
२ जानेवारी १९८६

चि. शिवदास यास,
आक्काचे आशीर्वाद.

पत्र वाचून मी आधी तुला शिव्या घातल्या. खोटं सांगून माझ्याकडून ते लिहून घेतलंस म्हणून. मग अंगणवाडी बंद केली, मुलांना घरी पाठवलं आणि खिचडीच्या पातेल्याशेजारी बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझ्या गावच्या दुसऱ्याच कुणाचं म्हणून. ते म्हणाले की पाय आधीच गेले होते म्हणजे इजा पडताक्षणी झालेली होती. नंतर आत सूज चढून हात आपोआप गेले असतील. किंवा उचलण्यानं गेले असतील. आता सांगता येणार नाही, कदाचित असं, कदाचित तसं. तो कदाचित घेऊन मी चार मैल चालत आले. घरी आल्यावरही तो कमी झालेला नव्हता. म्हणून तुझं काही चुकलं नाही असं मी लिहिणार नाही. तुला ते पटणार नाही आणि मलाही ठाऊक नाही.

पण शिवदास, तू सगळं एकट्याच्या नावावर करून घेतलंस. पाणी कुणी पाजलं? मान उचलून, माझ्या या हातानं. पाय कुणी धरले? तुझ्या वहीत तो पाण्याचा नियम आहे, तिथं माझं नाव लिही. मला वगळू नकोस. मी त्यांची थोरली आहे.

शेजारच्या जिजीला वाटतं तुझ्या पाठीवर बाप बसलाय, उतरवून घ्या म्हणाली, माणूस आहे वडूजला. मी तिला सांगितलं की आमच्या बापानं छप्पन साली घरातले देव पाण्यात सोडले, तो मेल्यावर कुणाच्या पाठीवर बसायचा नाही. तो बसलेला नाही. तूच त्याला खाली ठेवत नाहीस. आणि कसं ठेवायचं ते मलाही येत नाही. तुझ्या मास्तरांना विचार. माणूस खाली कसा ठेवावा हेच ते शिकवतात ना?

आणखी एक, जे मी सांगायला हवं होतं. दवाखान्यात चौथ्या दिवशी त्यांना जरा बरं होतं. आवाज अगदी बारीक. मला विचारलं की मला आणलं कुणी. मी म्हटलं, शिवदासनं, पाठीवर घालून. तर हसले. म्हणाले की माझं धूड त्यानं उचललं, पोराची पाठ भरून आली असेल, तेल लाव त्याला. मी हो म्हटलं आणि त्या गडबडीत विसरले. ह्यानं काही मिटत नाही हे मला कळतं. पण ते असं म्हणाले, हेही झालेलं आहे.

कोर्स सोडायचा नाही. आईला सांगायचं की नाही ते आपण दोघं मिळून ठरवू. तोवर गप्प राहा.

तुझी,
आक्का

*

घाटकोपर
२६ जानेवारी १९८६

ती. आक्का हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मास्तरांकडं गेलो. त्यांना सगळं सांगायला लागलो तर म्हणाले की मला मुलाखतीच्या दिवशीच कळलं होतं. पाठीवर हा शब्द आला तेव्हाच. मग मला का घेतलंत, विचारलं. तर म्हणाले की हा धडा जो कधी विसरणार नाही असा एक तरी माणूस गाडीवर असावा, असा स्वार्थी विचार केला. पण त्या दिवशी मला चादरीवर झोपवलं ती त्यांची चूक झाली, हेही कबूल केलं. त्यांच्याही चोवीस वर्षांत अशी तीन माणसं आहेत. नावं सांगितली नाहीत.

बुडालेले दिवस रविवारी भरून द्यायचे या अटीवर परत घेतलं. तुझा प्रश्न त्यांना विचारला, माणूस खाली कसा ठेवायचा. म्हणाले, एकट्यानं नाही. नियमच आहे.

हनुवटी आपटते अजून. तिच्यासकट जातो.

आईची गोष्ट मात्र ऐकवत नाही. परवा तिनं ती नळावर सांगितली आणि दोन बाया आपापल्या मुलांना म्हणाल्या की असं पाहिजे, शिका काही. आक्का, ती मुलं शिकली तर?

तुझा,
शिवदास

*

घाटकोपर
१२ मार्च १९८६

ती. आक्का हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आईला कळलं. आपण ठरवायच्या आधीच कळलं. कसं ते सांगतो.

रविवारी दुपारी वसुधाचे वडील, आपले सहदेवकाका, टीव्हीची अँटेना फिरवायला पत्र्यावर चढले. कडेचा पत्रा फुटला आणि ते खाली फरशीवर आले. मी नुकताच मुलुंडहून येऊन जेवायला बसलो होतो. आवाज ऐकला आणि मला कळलं. तो आवाज मला माहीत होता.

धावत गेलो तर दहाजण जमलेले. काका शुद्धीत, मान दुखते म्हणून कण्हत होते. एकानं त्यांच्या काखेत हात घातलेले, उठवून बसवायला. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं की शिवदास आला, सरका, तो घेईल पाठीवर, बापाला नेलं तसं.

आक्का, मी ओरडलो. मला माहीत नव्हतं माझा एवढा आवाज आहे. म्हणालो की हात लावाल तर हात मोडून ठेवीन. बसवू नका. पाणी देऊ नका. पाठीवर घ्यायचं नाही, पाठीवर घेतलं की माणूस जातो. हे म्हणालो आणि वर बघितलं तर समोर आई. तिच्या हातात पाण्याचा तांब्या. काकांना द्यायला आणलेला.

तिथं थांबायला वेळ नव्हता. काकांचे पाय, पोट, श्वास बघायचा होता आणि डोकं धरायला स्थिर हात पाहिजे होते. मी आईला बोलावलं. तिनं तांब्या बाजूला ठेवला आणि येऊन बसली. तिचे तळवे काकांच्या कानांवर लावून दाखवले, सांगितलं की काही झालं तरी हे हलू द्यायचं नाही. ती धरून बसली.

वसुधानं वाण्याच्या दुकानातून फोन केला. गाडी यायला पाऊण तासाच्या वर लागला. ऊन सरकत अंगावर आलं, वसुधाच्या आईनं चादर धरली. आईच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, तिनं पुसला नाही. एवढा वेळ ती काकांच्या तोंडाकडं बघत होती. मला नाही वाटत तिला काका दिसत होते.

गाडी आली. फळी घातली, पाचजणांनी वळवलं, आईचे हात मास्तरांनी शिकवलं तसे अगदी शेवटी सोडवले. ती उठेना. बोटं आखडली होती. मी तिला नळावर नेलं, हात धुतले. तिथं तिनं विचारलं की तुझ्या बापालाही असंच ठेवायचं होतं का.

मी हो म्हटलं.

हात पुसता पुसता विचारलं की द्रौपदाला ठाऊक आहे का, आणि कधीपासून. मी सांगितलं, डिसेंबरपासून. ती म्हणाली, म्हणजे तीन महिने तुम्ही दोघांनीच हे गिळलंत. मग आत गेली आणि लसूण सोलायला बसली. आज चौथा दिवस. स्वयंपाक करते, माझा डबा भरते. बोलत नाही.

सहदेवकाकांच्या मानेला काही झालेलं नाही. फोटो निघाले, खुब्याचं हाड मोडलंय. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हसून म्हणालं की म्हणजे उगाच तासभर उन्हात घातलं होतंस. सगळे हसले, मीही हसलो. मग मोरीत जाऊन दार लावलं आणि भिंतीला धरून उभा राहिलो. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले की नेहमी असंच असतं. बरोबर केलंस की नाही ते बहुतेक वेळा कळत नाही, तरी करायचं.

आईनं माझ्याकडं बघावं एवढं कर. तू बोलाव तिला.

तुझा,
शिवदास

*

तडवळे
१८ मे १९८६

चि. शिवदास यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पास झाल्याचं कार्ड मिळालं. सासूबाईंनी गावभर गूळ वाटला. कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीपेक्षा गाडीवरचं काम घेतलंस ते बरं केलंस, आणि बाहेरून बारावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरतोयस हे त्याहून बरं. मास्तर म्हणतात तसं बारावीनंतर नर्सिंगचा कोर्स कर. प्रेमा तुझ्या फोटोला पट्टी बांधते.

आता आईचं. येऊन तीन आठवडे झाले. पहिले काही दिवस ती माझ्याशीही बोलत नव्हती. मी तिला पाण्याचं सांगितलं, पाय धरल्याचं सांगितलं. तिनं ऐकलं आणि प्रेमाची वेणी घालत बसली. एकदा नुसतं म्हणाली की मी त्या दिवशी चेंबूरला परक्या घरची भांडी घासत होते. दुपारी झोपली की तिचे तळवे समोरासमोर येतात, मध्ये डोकं मावेल एवढं अंतर ठेवून. मी बघते आणि दुसरीकडं तोंड करते.

काल अंगणवाडीत आयांची बैठक होती. तीही येऊन कोपऱ्यात बसली. बोलता बोलता एकीनं तिला विचारलं की द्रौपदाबाईंचे वडील कशानं गेले. मला वाटलं आता ती उठून जाईल. तिनं गोष्ट सांगायला सुरुवात केली. तोच सूर, तेच शब्द, परांची, डबा, मुकादम. पाठीवर घातलं तिथं आली आणि माझ्या हातातली वही खाली पडली. पण ती थांबली नाही. म्हणाली की आम्ही त्याला पाणी पाजलं, आम्ही त्याला पाठीवर घातलं, आम्ही त्याला रिक्षात बसवलं. मानेचं हाड मोडल्यालं आम्हाला कळलं न्हाई, आम्ही त्याला हलवला. तुम्ही हलवू नका.

आम्ही म्हणाली, शिवदास. चार वेळा. ती तर तिथं नव्हतीच.

मग एका म्हातारीनं विचारलं की हे चुकलं असं तुम्हाला सांगितलं कुणी. आई म्हणाली, ज्यानं नेला, त्यानंच सांगितलं.

मग तिनं प्रेमाला आडवी झोपवली आणि डोकं कसं धरायचं ते त्यांना दाखवू लागली.

पुढच्या आठवड्यात तिला घेऊन येते. स्टेशनवर ये. आमच्यावर माया आहे ती आहे तशीच असू दे.

तुझी,
द्रौपदी आक्का